दीड गुंठ्याची हत्यारं: शाहूनगरातल्या परसबागेच्या नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

काल दसरा झाला. खंडेनवमीची पूजा मांडायची म्हणून जिन्याखालची सगळी हत्यारं बाहेर काढली, धुतली, पाटावर ओळीनं ठेवली आणि माझी मलाच लाज वाटली. एकूण अकरा नग. त्यातले सात हळदीकुंकू लावण्यापलीकडे कशाच्याच उपयोगाचे नाहीत. ऑनलाइन मागवलेला हिरव्या मुठींचा तीन नगांचा संच, ३४९ रुपये. त्यातल्या हातफावड्यानं पहिल्याच दिवशी मुरमात मान टाकली होती. छाटणीच्या कात्रीची स्प्रिंग कुठल्यातरी गुलाबाखाली पुरलेली आहे. फावड्याचा दांडा सायकलच्या ट्यूबनं आवळलेला. जुन्या कुदळीला तडा गेलेला, टोक बोराएवढं गोल.

सगळ्यात धड वस्तू म्हणजे आप्पांचं, माझ्या सासऱ्यांचं खुरपं. तीस-पस्तीस वर्षं घासून पातं निम्मं उरलंय. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आत्यांनी त्या पात्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "ह्याला लाव आधी कुंकू. बाकीच्यांची कसली पूजा करतीस!"

तर काम ठरलं. मोजकी हत्यारं जमवायची, पण अशी की माझ्यानंतर पोरानंही वापरावीत. बजेट ४,००० रुपये. मी शाळेत शिकवते, त्यामुळे हाताशी फक्त रविवार. आमची जमीन साताऱ्यातल्या अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याची आहे. वर वीतभर काळपट माती, खाली मुरूम, आणि मधूनमधून काळ्या दगडाचे तुकडे. कृष्णाकाठच्या काळ्या रानात जे चालतं ते इथं टिकेलच असं नाही, आणि उलटंही. आमच्या नोंदी वाचून खरेदी करणाऱ्यानं आधी आपली माती बघावी.

२० ऑक्टोबर २०२४

आठवडाभर काहीच विकत घेतलं नाही. परसदाराच्या भिंतीवर खडूनं रेघा ओढल्या: कोणतं हत्यार किती वेळा हातात घेतलं. खुरपं १४, कात्री ५, फावडं ३, कुदळ २, विळा २. संचातला छोटा काटा शून्य. आणि ज्याच्या जाहिराती बघण्यात मी सगळ्यात जास्त वेळ घालवत होते, ते दाताळं? ते वापरायची वेळ आलीच नाही. दाताळं यादीतून बाद, लागलं तर शेजारी आहे. विळा चांगला आहे. राहिलं काय: दोन खुरपी, कुदळ, फावडं, कात्री. आणि धार लावायचं सामान, जे आमच्या घरात कधी नव्हतंच.

२७ ऑक्टोबर २०२४

दिवाळीआधीच्या गर्दीत बाजारात गेले. दुकानात एक कुदळ दिसली, निळा रंग, दांडासुद्धा लोखंडी पाइपचा, डोक्याला वेल्डिंगनं जोडलेला, मुठीला रबर. दुकानदार म्हणाला, "मॅडम, लाकडाची कटकटच नाही. दांडा मोडायचा प्रश्न नाही." मला ते एकदम पटलं. आमच्याकडं आजवर जे जे मोडलं ते दांड्यातच मोडलं होतं ना! ६४० रुपये दिले. घासाघीससुद्धा केली नाही.

१० नोव्हेंबर २०२४

निळ्या कुदळीची गोष्ट दोन रविवारांत संपली.

आळी खणायला घेतली. मुरमात पहिला घाव घातला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. लाकडाचा दांडा धक्का थोडा गिळतो, पाइप तो जसाच्या तसा हाताला पोचवतो. तासाभरानं उजव्या हाताची मूठ वळेना. तरी चिकाटीनं केलं, कारण पैसे घातले होते. आज आठव्या की नवव्या आळ्याला डोकं किंचित डुलल्यासारखं वाटलं. जवळून पाहिलं तर वेल्डिंगच्या कडेनं पाइपला अर्ध्या घेराची चीर. वेल्डिंग शाबूत, चीर त्याच्या अगदी लगत.

वेल्डरकडं नेली. त्यानं कानशीच्या टोकानं रंग खरवडला आणि आतला पातळ पत्रा दाखवला. "ह्यावर परत वेल्डिंग मारलं तर पाइपच जळून भोक पडंल. आणि बसलंच तर त्याच्या शेजारी तुटंल." मग म्हटलं, पाइप कापून लाकडाचा दांडा बसवू. तर डोक्याला नेढंच नाही! दांडा घालायला भोक ठेवलेलंच नव्हतं. पाइप एका सपाट पट्टीवर नुसता चिकटवलेला. म्हणजे एक भाग गेला की सगळंच गेलं.

भंगारवाल्यानं ३८ रुपये दिले. दोन रविवार आणि ६०२ रुपये गेले. कोपर अजून दुखतंय.

१७ नोव्हेंबर २०२४

या वेळी कुदळीचं नुसतं डोकं घ्यायला गेले, तेही दुसऱ्या दुकानात, जिथं शेतकरी जातात. तिथं डोकी ढिगानं पडलेली असतात आणि वजन करून मिळतात. दुकानातल्या म्हाताऱ्या कामगारानं जे दाखवलं ते लिहून ठेवते, कारण हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पहिलं नेढं बघायचं. वरच्या बाजूला रुंद, खाली निमुळतं हवं. दांडा वरून घालायचा, बारीक टोक आधी; जाड बुडखा वर अडकतो. मग घाव घालताना डोकं बाहेरच्या दिशेला जायला बघतं आणि बुडख्यावर आणखी घट्ट बसतं. पाचर नको, खिळा नको. आणि दांडा बदलायचा तर हाताकडच्या दिशेला दोन ठोके, डोकं मोकळं.

दुसरं, नेढ्याची जाडी चहूबाजूंनी सारखी आहे का ते बोट फिरवून बघायचं. तिसरं, डोकं दोरीवर लटकवून किल्लीनं टोला द्यायचा. खणखणीत आणि लांब आवाज आला तर ठीक. थप्प आवाज आला तर आत तडा किंवा जोड असतो. ढिगातल्या एका चकचकीत रंगवलेल्या डोक्याचा आवाज फुटक्या माठासारखा आला; रंग खरवडल्यावर टोकाशी वेगळा तुकडा जोडलेला निघाला. चौथं, पात्याच्या कडेवर कानस ओढायची. नुसती घसरून गेली तर लोखंड फार कडक, लोण्यासारखी आत शिरली तर फार मऊ. कुरकुरत थोडा भुगा काढला पाहिजे.

वजन: दुकानात दोन किलोपासून होती. मला १ किलो ३०० ग्रॅमची झेपली. पुरुषी अभिमानाचा इथं काही प्रश्न नसल्यामुळं निर्णय पटकन झाला. २९० रुपये. त्याच दुकानात आयएसआय शिक्क्याचं फावड्याचं पातं घेतलं, ३१० रुपये. फावड्याबद्दल यापुढं लिहिण्यासारखं काही नाही. सुताराकडून ६० रुपयांचा दांडा बसवून घेतला, काम करतंय.

कुदळीचा दांडा मात्र मी शहाणपणा करून तयार घेतला, ११० रुपये.

२४ नोव्हेंबर २०२४

तयार दांडा मोडला. अर्ध्या दिवसात. मोडलेली जागा बघितल्यावर कळलं: लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीनं न जाता तिरक्या बाहेर पडत होत्या, आणि मोड अगदी त्या रेषेवरून तिरकी गेली होती. वर जाड पिवळं व्हार्निश, म्हणून दुकानात दिसलं नाही. यापुढं व्हार्निश मारलेला दांडा घेणार नाही. बिनरंगाचा घ्यायचा आणि रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात का ते डोळ्यांनी बघायचं.

आत्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "बाजारात दांडा विकत घेत्यात होय? बाभळीचा तोडायचा."

१ डिसेंबर २०२४

मामांकडं, कोरेगावच्या बाजूला गेले. बांधावरच्या बाभळीची सरळ फांदी मामेभावानं तोडून दिली. गावात म्हाताऱ्यांचं म्हणणं असं की दांड्याला धावडा सगळ्यात चांगला, त्याच्याच बैलगाडीचे कणे व्हायचे. पण धावडा डोंगरात, आणि तो तोडायला जाणं म्हणजे भलतंच. बाभूळ बांधावरची, पुन्हा फुटणारी. दोन फांद्या आणल्या.

इथं मी दोन चुका एकत्र केल्या, पण त्या आज कळल्या नाहीत, म्हणून आज फक्त काय केलं तेवढं लिहिते. फांदीचा बुडखा नेढ्यातून जाईना. मग मी तो तासून बारीक केला, दांडा खालच्या बाजूनं घातला, आणि कुऱ्हाडीला मारतात तशी वरून पाचर ठोकली. घट्ट बसला. दिसायलाही छान. लाकूड ओलं होतं, त्यामुळं तासायला सोपं गेलं.

दुसरी फांदी तशीच माळ्यावर टाकली. तिच्या दोन्ही टोकांना मेणबत्तीचं मेण लावलं, एवढं एक शहाणपण मामांनी सांगितलं होतं: टोकं उघडी राहिली की तिथून झपाट्यानं वाळतात आणि उभ्या चिरा पडतात.

२९ डिसेंबर २०२४

पुसेगावच्या यात्रेला सगळे गेलो होतो. सेवागिरी महाराजांचं दर्शन, पोराला भजी, आणि मला खुरपी. यात्रेत लोखंडी सामानाची पालं लागतात तिथं दोन खुरपी घेतली, ९० रुपयांना एक. गर्दीत कानस कुठली आणि टोला कुठला! दोन्ही दिसायला जुळी.

१२ जानेवारी २०२५

जुळी नव्हती. एक उत्तम, दुसऱ्याचं पातं टोमॅटोच्या वाफ्यातच वाकलं. वाकलेलं पातं हातानं सरळ झालं यातच सगळं आलं. पत्रा कापून केलेलं होतं. आता फरक दिसतोय: चांगल्या खुरप्याचं पातं शेपटीकडं जाड आणि धारेकडं पातळ होत जातं, ठोकून केल्याची खूण. वाकलेल्याची जाडी सगळीकडं एकच.

आज आणखी एक वाईट झालं, आणि ते जास्त लागलं. धाकटा आयटीआयला आहे. त्यानं प्रेमानं, मला न विचारता, आप्पांचं खुरपं मित्राच्या गॅरेजमध्ये ग्राइंडरवर धरून आणलं. आरशासारखी धार! आणि धारेच्या कडेला बारीक निळा-जांभळा पट्टा. त्याला वाटलं चमक आलीय. मी दुपारी निंदायला घेतलं आणि पंधरा मिनिटांत धार दुमडली. ग्राइंडरवर पातळ कड क्षणात तापते, आणि निळी होईपर्यंत तापली की तिचं पाणी उतरतं. पोलाद तिथं मऊ पडतं. जी धार आप्पांनी दगडावर तीस वर्षं जपली ती दहा सेकंदांत गेली.

पोराला ओरडले नाही. म्हणजे ओरडले, पण थोडं.

१९ जानेवारी २०२५

कानस आणली, दहा इंची, लाकडी मुठीसकट २१० रुपये. धारेसाठी कुरंडाचा दगड ८० रुपये. निळा झालेला भाग सगळा घासून काढावा लागला, जवळजवळ चार मिलिमीटर. दोन तास चाळीस मिनिटं. कानस फक्त पुढं ढकलतानाच कापते. मागं ओढताना उचलायची, नाहीतर तिचेच दात जातात. हे मला अर्धा तास घासून झाल्यावर पोरानं सांगितलं, तेव्हा हिशोब बरोबरीत सुटला असं धरू.

खुरप्याला धार एकाच बाजूनं लावायची, वरच्या. खालची बाजू सपाट ठेवून दगडावर नुसती पुसल्यासारखी फिरवायची. आत्यांनी अंगठा फिरवून बघितला, काही बोलल्या नाहीत.

२६ जानेवारी २०२५

झेंडावंदन करून आल्यावर लोहारमामांकडं. कोरेगाव रस्त्याकडेला त्यांचं पाल आहे, भात्याच्या जागी आता छोटा विजेचा पंखा, बाकी सगळं तेच. मामा सांडशीनं धरतात आणि मामी घण घालतात. मामींचा घण मी उचलून बघितला आणि मुकाट्यानं खाली ठेवला.

वाकलेलं खुरपं दाखवलं तर मामांनी ते हातात घेऊन नुसतं बाजूला ठेवलं. म्हणाले, ट्रकच्या तुटक्या पाट्याचं करून देतो. गाडीचा पाटा म्हणजे स्प्रिंगचं पोलाद; आयुष्यभर वाकून सरळ झालेलं. भंगारातून आलेल्या पोलादाचं पुढची वीस वर्षं चालणारं हत्यार होतं, नवीन लोखंड लागत नाही. १८० रुपये ठरले.

मी म्हटलं, "एकदम कडक करा मामा. मुरूम आहे आमच्याकडं."

मामांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि केलं. लाल तापवून, ठोकून, आकार देऊन, पुन्हा तापवून तेलात बुडवलं. शेपूट लाल करून बाभळीच्या मुठीत जाळत घुसवलं, मुठीच्या तोंडाला साम, म्हणजे लोखंडी कडं, बसवलं. पाऊण तास.

२ फेब्रुवारी २०२५

पहिल्याच काळ्या दगडावर धारेचा टवका उडाला. मग दुसरा. दुपारपर्यंत खुरप्याला करवतीसारखे दात.

संध्याकाळी परत मामांकडं. ते हसले. "तुम्ही कडक मागितलं ताई, मी दिलं. आता मी सांगतो तसं घ्या." धार सरळ करून पुन्हा तापवलं, तेलात बुडवलं, कानशीनं एक पट्टा घासून पांढरा केला आणि पात्याची मागची बाजू विस्तवावर धरली. त्या पांढऱ्या पट्ट्यावर रंग चालत येताना दिसले: फिका पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा. जांभळा धारेपाशी पोचला आणि निळा व्हायच्या आत त्यांनी ते परत बुडवलं. पोरगा सोबत होता. त्यानं तो निळा पट्टा ओळखला आणि मान खाली घातली. लोहार जे रंग बघून थांबवतो, ग्राइंडरवर तेच त्याच्या हातून पुढं निघून गेले होते.

पैसे विचारले तर घेतले नाहीत.

९ फेब्रुवारी २०२५

आज थोडक्यात वाचलो.

कुदळ वर उचलली आणि हात हलका झाला. डोकं मागं उडून पाण्याच्या टाकीला लागलं, टाकीला चीर. आत्या तिथून चार पावलांवर शेंगा निवडत बसल्या होत्या.

डिसेंबरातल्या दोन चुका त्या याच. एक, ओली बाभूळ. अडीच महिन्यांत दांडा वाळून बारीक झाला. दोन, बुडखा तासून खालून घातलेला दांडा आणि पाचर. नेढं वरून रुंद असतं ते बुडखा अडकावा म्हणून, आणि मी बुडखाच काढून टाकला होता. पाचरीच्या भरवशावर सगळं, आणि लाकूड आटल्यावर पाचर सुटली.

मधे महिनाभर डोकं डुलत होतं हेही कबूल करते. शेजारचे काका म्हणाले होते, रात्रभर बादलीत बुडवून ठेवा, फुगून घट्ट होईल. झालं घट्ट. दोन दिवस. नंतर आधीपेक्षा सैल. फुगलेलं लाकूड लोखंडी नेढ्यात दबून चेपतं आणि वाळल्यावर आणखी आटतं. हा उपाय करून काम करायचं नाही. एवढी एकच गोष्ट या सगळ्या नोंदींतून कुणी उचलली तरी पुरे.

कुदळ बंद. माळ्यावरची फांदी वाळेपर्यंत थांबायचं.

१६ मार्च २०२५

फांदीचं वजन दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर करतेय. डिसेंबरपासून घटत होतं, गेले तीन रविवार जिथल्या तिथं. म्हणजे वाळली. साल काढली. एक बारीक चीर आहे, टोकाच्या दोन इंचांत. तेवढा भाग कापला. सुतारानं बुडखा नेढ्याच्या मापानं घासून दिला, ६० रुपये. दांडा वरून घातला, बुडख्याकडची बाजू दगडावर तीनदा आपटली, डोकं बसलं. लांबी आत्यांच्या सांगण्यावरून माझ्या कमरेइतकी.

आता तेल. रंगाच्या दुकानातून अर्धा लिटर बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, १४० रुपये. व्हार्निश वर सालीसारखं बसतं आणि हाताला फोड आणतं. जवसाचं तेल लाकडात मुरून तिथंच सुकतं. फडक्यानं पातळ हात द्यायचा, अर्ध्या तासानं उरलेलं पुसायचं, दोन-तीन दिवस थांबून पुन्हा.

पहिल्या हातानंतर फडकी गोळा करून प्लॅस्टिकच्या डब्यात टाकली आणि स्वयंपाकाला लागले. तासाभरानं वास आला. डब्यात हात घातला तर बोळा चांगलाच गरम, उन्हात नसताना. हे तेल सुकताना उष्णता सोडतं आणि चुरगाळलेल्या फडक्यात ती कोंडते. अशानं आग लागते. फडकी पाण्यात बुडवली, मग एकेक करून तारेवर पसरून वाळवली. डब्यात कोंबायची नाहीत.

१३ एप्रिल २०२५

कात्रीसाठी तासगाव. मावसबहिणीची द्राक्षबाग आहे, खरड छाटणी चालू होती. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. छाटणीच्या टोळ्या सकाळपासून कात्री चालवतात. दिवसाला हजारो काप घेणाऱ्या माणसाला कात्रीतलं कळणार नाही तर कुणाला?

मी विचारलं, कुठली कंपनी चांगली? टोळीतल्या बाईंनी उलट विचारलं, "तिची स्प्रिंग सुटी मिळती का तुमच्या गावात?" प्रत्येकीच्या कमरेच्या पिशवीत एक छोटा दगड आणि एक जादा स्प्रिंग. कुणाची मूठ लाल, कुणाची पिवळी, कंपनी कुणाला सांगता येईना. स्वित्झर्लंडच्या फेल्कोच्या कात्रीचा एकेक भाग सुटा मिळतो, पण ती हजारांत जाते, आणि माझे गुलाब एकूण नऊ.

त्यांनी शिकवलेलं: दोन पाती एकमेकीला घासून जाणारी कात्री ओल्या फांदीला चांगली, काप स्वच्छ येतो. एक पातं सपाट गादीवर दाबणारी कात्री ओली फांदी चेचते; ती वाळक्या काटक्यांना ठीक. मधला बोल्ट पान्यानं खोलता आला पाहिजे, रिबीट मारलेली असेल तर हात लावायचा नाही. माझी जुनी कात्री रिबीटवाली होती, म्हणून स्प्रिंग गेल्यावर कायमची गेली.

तासगावातच घेतली, ५२० रुपये, सुटी स्प्रिंग ३०. घरी येईपर्यंत बसमध्ये तीनदा उघडून बघितली. धार कापणाऱ्या पात्याच्या बाहेरच्या बाजूलाच लावायची, आतली सपाट बाजू घासायची नाही, नाहीतर दोन पात्यांत फट पडते आणि फांदी मधे दुमडते.

२५ मे २०२५

यंदा पावसानं मे महिन्यातच गाठलं. पंधरवडा झाला, ऊन नाही. हत्यारं आत घ्यायची राहिली आणि खुरप्यांवर गंजाचा तांबूस थर. घरात भांड्यांसाठी चिंच होतीच. चिंचेच्या दाट कोळात रात्रभर बुडवली, सकाळी नारळाच्या शेंडीनं घासली, गंज गेला. लगेच धुऊन चुलीच्या कडेला कोरडी केली. कोळ अंगावर राहिला तर दुपारी पुन्हा गंज येतो, हे पहिल्या खुरप्यावर शिकले.

एक प्रयोग फसलेला: बादलीत वाळू घालून तिच्यात शेंगतेल ओतलं आणि हत्यारं खोचून ठेवली. पाती चकचकीत राहतात असं ऐकलं होतं. चार दिवसांत तेल चिकट झालं, वाळू पात्याला डिंकासारखी बसली आणि बादलीला मुंग्या लागल्या. गाडीचं जळकं तेल वापरतात लोक, पण तेच पातं मी उद्या मेथीच्या वाफ्यात घालणार, म्हणून ते नको. वाळू टाकून दिली. आता भिंतीला फळी, फळीला खिळे, प्रत्येक हत्यार टांगलेलं, पात्यावर बेलतेलाचं फडकं एकदा. खाली टेकवून ठेवलं की ओल चढतेच.

कुदळीचा दांडा मात्र पावसात जराही हलला नाही.

६ जुलै २०२५

आषाढी. सुट्टी नाही तर रविवारच, तरी उपास असल्यानं खणायचं काम नाही, म्हणून हिशोब.

एकूण खर्च २,८१० रुपये. त्यातले ८४० वाया: निळी कुदळ ६४०, व्हार्निशचा दांडा ११०, यात्रेतलं वाकडं खुरपं ९०. भंगाराचे ३८ परत आले. टाकीला चीर पडली ती एम-सीलनं बुजवली, ते यात धरलं नाही, कारण ह्यांनी ते आपल्या खिशातून केलं आणि अधूनमधून आठवण करून देतात. वेळ: ऑक्टोबरपासून आठ-नऊ रविवार असे गेले की बागेत काही झालं नाही, हत्यारांमागंच पळाले.

हे बजेटात बसलं, पण निळ्या कुदळीच्या पैशांत दुसरी कात्रीसुद्धा आली असती.

लोहारमामांकडं कुदळ अजून नेलेली नाही. टोक थोडं गोल झालंय, शेवटून, म्हणजे पुन्हा टोक काढून, आणायला हवं. फक्त डोकं पिशवीत घालून नेता येईल, दांडा घरीच. वाकडं खुरपंही परत एकदा नेणार आहे, मामा त्याचं काय करतात बघू.

२० जुलै २०२५

उघडीप मिळाली म्हणून निंदायला बसलो. आत्या आजपर्यंत आप्पांच्या खुरप्याशिवाय दुसरं हातात घेत नव्हत्या. आज त्याच्या मुठीला चीर दिसली, म्हणून मी पाट्याचं खुरपं पुढं केलं. अर्धा वाफा काहीही न बोलता निंदला. मग उठल्या, माती झटकली आणि म्हणाल्या, "पातं बरं हाय. मूठ लई जाड केलीया तुझ्या मामांनी."

पुढच्या रविवारी मूठ घासायची. आणि आप्पांच्या खुरप्याला नवी.